बदली झाली, की करून घेतली?

ज्या घरांच्या दोन-तीन पिढ्या सरकारी नोकरीवर पोसल्या गेल्या, त्या घरांना 'बदली झाली' आणि 'बदली करून घेतली' या दोन वाक्यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. पहिले वाक्य सहानुभूती मागते. दुसरे सांगताना आवाज किंचित खाली येतो. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर 'माझी बदली झाली' या वाक्याचा कर्ता बदली आहे. ज्याचे बिऱ्हाड हलायचे तो माणूस बिचारा षष्ठी विभक्तीत जाऊन उभा राहिलेला असतो. 'करून घेतली' म्हटले की तोच माणूस पुन्हा कर्त्याच्या जागी येतो, आणि त्याच्याबरोबर एक प्रश्नही येतो: का करून घेतली?

हा जुना फरक आज पुन्हा विचारात घ्यावासा वाटतो, त्याला कारण आपल्या घरांतील संगणक-व्यवसायात गेलेली मुले-मुली. त्यांचा मार्ग आता ठरून गेल्यासारखा आहे. भोपाळ-इंदूरला अभियांत्रिकीचे शिक्षण, मग पुणे, बंगळूर किंवा हैदराबादला नोकरी, आणि पाच-सहा वर्षांनी एका रविवारी फोनवर बातमी: कंपनीने ट्रान्सफर केली, सिअ‍ॅटलला जायचे आहे, किंवा डब्लिनला, किंवा म्युनिकला. नोकरी तीच राहते, कंपनीही तीच राहते. बदलतो तो फक्त देश. त्यामुळे 'मुलगा परदेशी स्थायिक व्हायला निघाला' हे वाक्य घरात कोणालाच उच्चारावे लागत नाही. अरेरा कॉलनीतल्या शेजाऱ्यांनी विचारले तर आई सांगते, "त्याची बदली झाली." वडील टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेले असतात. त्यांना हा शब्द लहानपणापासून ओळखीचा आहे, आणि ओळखीच्या शब्दाची भीती वाटत नाही.

नोकरीचा धागा न तोडता जो देशाबाहेर जातो, त्याने जाण्याचा निर्णय घेतला असे म्हणायचे, की तो निर्णय त्याच्यासाठी दुसऱ्या कोणी घेतला असे समजायचे? आणि निर्णय त्याचाच असेल तर त्याविषयीचे उत्तर तो कोणाला देणे लागतो? वरवर पाहता हा शब्दांचा कीस वाटेल. परंतु मागे राहणाऱ्या दोन वृद्ध माणसांची पुढली वीस वर्षे कशी जातील, हे पुष्कळदा या एका क्रियापदावर ठरते असे आमचे मत आहे.

या विषयावर बोलण्याचा आपल्याला थोडा अधिक अधिकार आहे, कारण आपण स्वतःच बदलीची संतती आहोत. डिसेंबर १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाने भोपाळपाशी निजामाला कोंडले, आणि पुढच्याच महिन्यात येथून जवळच्या दोराहा येथे तह होऊन माळव्यावरील मराठ्यांचा हक्क त्याला मान्य करावा लागला. शिंदे, होळकर, पवार यांच्या फौजांमागून लेखणी चालवणारी घराणी माळव्यात आली. पेशव्यांचा कमाविसदार परगण्यावर नेमला जाई, पण त्याचा हिशेब पुण्याच्या दफ्तराला पोहोचवावा लागे. त्याच्या कचेरीतले फडणीस, मुजुमदार, चिटणीस, पोतनीस हे दरकदार हुजुरातून नेमलेले असत. कमाविसदाराला त्यांना परस्पर दूर करता येत नसे. आजच्या भाषेत सांगायचे तर ही मुख्य कार्यालयाने शाखेवर धाडलेली माणसे होती. आपल्यापैकी कित्येकांची आडनावे म्हणजे त्या नेमणुकीच्या हुद्द्यांची उरलेली नावे आहेत. बदली संपली, राज्य गेले, हुद्दा मात्र आडनाव होऊन राहिला.

दुसरी मोठी बदली अजून आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या आठवणीत आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य झाले आणि राजधानी भोपाळला आली. जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा हे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. सचिवालयाच्या फायली आणि त्या फायली हाताळणारी माणसे इकडे आली. मध्यभारताच्या ग्वाल्हेर आणि इंदूरच्या कचेऱ्यांतूनही मराठी कारकून, हिशेबनीस, अभियंते आले. लाखभर वस्तीच्या या नवाबी गावात त्यांच्यासाठी नव्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि त्यांतल्या मोठ्या वसाहतीला तात्या टोप्यांचे नाव मिळाले. त्याच सुमारास ब्रिटिश कंपनीच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सने पिपलानीच्या बाजूला तंत्रज्ञांची आणखी एक वस्ती वसवली.

त्या बदलीचे स्वरूप नीट पाहण्यासारखे आहे. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११५ ने जुन्या राज्यांतील प्रत्येक नोकराने कोणत्या नव्या राज्यात जायचे हे ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला होता. त्याच कलमात दोन आश्वासनेही होती. केंद्राच्या पूर्वसंमतीशिवाय नोकरीच्या शर्ती नोकराच्या तोट्याच्या करता येणार नाहीत, हे एक. न्याय्य वागणूक मिळावी आणि गाऱ्हाण्यांचा विचार व्हावा म्हणून सल्लागार समित्या नेमल्या जातील, हे दुसरे. शिवाय माणूस एकटा आला नव्हता. त्याच्यासह त्याचा विभाग, त्याचा साहेब आणि शेजारच्या टेबलावरचा सहकारीही आला होता. नागपूरची अर्धी गल्ली उचलून येथे ठेवल्यासारखी होती. म्हणून तर पहिल्या दोन-चार वर्षांत गणेशोत्सव उभे राहिले, नाटके बसली, मंडळे निघाली. हुकूम वरून आला होता हे खरे, पण हुकूम देणाराने आपली जबाबदारीही कागदावर लिहून दिली होती. अशा वेळी 'बदली झाली' हे वाक्य बऱ्याच अंशी सत्य होते.

बऱ्याच अंशी म्हणण्याचे कारण असे, की तेव्हाही काहींनी ती करून घेतली असणारच. नव्या राज्यात ज्येष्ठता लवकर मिळेल, बढतीच्या जागा अधिक निघतील, एकत्र कुटुंबाच्या कटकटीतून सुटका होईल, अशी कारणे माणसाच्या मनात असतात आणि त्यांत लाजण्यासारखे काही नसते. पण घराण्याच्या कथेत ती कारणे उरत नाहीत. कथेत फक्त हुकूम उरतो. आणि ज्या स्त्रीने माहेरचे गाव, विहिरीवरचा शेजार आणि सवयीची भाषा मागे टाकून परक्या गावात चूल मांडली, तिला कोणी विचारले होते की नाही, याची तर नोंदच नसते. 'झाली' हे क्रियापद एका वेळी दोघांना लपवते: ज्याने निवड केली त्याला, आणि जिला निवड मिळाली नाही तिलाही.

आता आजच्या बदलीकडे वळू. तंत्रज्ञानाच्या कंपन्यांत परदेशी बदली कशी होते हे आपल्या पिढीने समजून घेतले पाहिजे, म्हणजे शब्द तपासता येतील. बहुतेक मोठ्या कंपन्यांत रिकाम्या जागा कंपनीअंतर्गत जाहीर होतात. इच्छुकाने अर्ज करायचा असतो, सध्याच्या वरिष्ठाला कळवायचे असते, तिकडच्या गटाने मुलाखत घ्यायची असते. निवड झाली की कंपनी त्या देशाच्या परवान्याचे कागद करते. अमेरिकेत याला एल-१ व्हिसा म्हणतात. तो १९७० साली कायद्यात आला. मागील तीन वर्षांत सलग एक वर्ष त्याच कंपनीच्या परदेशी शाखेत काम केलेले असावे लागते. व्यवस्थापकांना तो जास्तीत जास्त सात वर्षे मिळतो, कंपनीच्या कामाचे विशेष ज्ञान असलेल्यांना पाच. अधिक प्रसिद्ध असलेल्या एच-१बी व्हिसाप्रमाणे त्याला वार्षिक संख्येची मर्यादा नाही, सोडतही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावण्याचे फर्मान निघाले. एल-१ त्यात नव्हता. सारांश, अमेरिकेला जाण्याचा विचार करणाऱ्या तरुणाला कंपनीअंतर्गत बदली हा अधिक पक्का रस्ता वाटावा अशीच ही रचना आहे. वर्षभर आधी कंपनी निवडतानाही पुष्कळजण हा हिशेब मनात धरतात.

याचा अर्थ स्पष्ट आहे. ही बदली सहसा 'होत' नाही, ती करून घेतलेली असते. अर्ज, मुलाखत, होकार, सही, या प्रत्येक पायरीवर माणूस कर्ता आहे. रविवारच्या फोनवर आई-वडिलांना जी बातमी म्हणून कळते, ती त्याच्यासाठी सात-आठ महिन्यांच्या प्रयत्नांचे फळ असते.

परंतु गोष्ट इथे संपत नाही. तिकडे पोहोचल्यावर चित्र उलटते. एल-१ वर गेलेल्याला त्या परवान्यावर दुसऱ्या कंपनीत नोकरी धरता येत नाही. त्याचे देशातले वास्तव्य कंपनीच्या मर्जीला बांधलेले असते. नोकरी गेली तर २०१७ पासूनच्या नियमाने फार तर साठ दिवसांची सवड मिळते. ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येतो, पण एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग वर्षानुवर्षांची आहे. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार अशा बदलीची कमाल मुदत व्यवस्थापक व तज्ज्ञांसाठी तीन वर्षांची आहे. ब्रिटनने एप्रिल २०२२ पासून या मार्गाला नवे नाव दिले; त्या मार्गाने कायम वास्तव्याचा हक्क मिळत नाही. १९९५ पासून लागू झालेल्या सेवा-व्यापाराच्या जागतिक करारात तर या माणसांचा विचार सेवेच्या पुरवठ्याचा एक प्रकार म्हणून केला आहे, आणि नागरिकत्व, कायम वास्तव्य वा कायमची नोकरी यांच्याशी त्याचा संबंध नाही असे परिशिष्टात स्पष्ट लिहून ठेवले आहे. ज्याच्या जाण्यामुळे एका घरातला गणपतीचा दीड दिवस कायमचा बदलतो, त्याची या कागदांतली ओळख एवढीच.

येथे एक विचित्र उलटापालट दिसते, आणि आमच्या मते सगळ्या प्रश्नाची मेख तिच्यात आहे. निघताना माणूस सर्वांत अधिक स्वतंत्र असतो. त्याला नाही म्हणता येते, दुसरी जागा मागता येते, वर्षभर थांबता येते. त्या वेळी तो परतंत्र माणसाची भाषा बोलतो: कंपनीने पाठवले, बदली झाली. पुढे चार-पाच वर्षांनी घराचे हप्ते, मुलांची शाळा, व्हिसाची मुदत आणि ग्रीन कार्डाची रांग यांत तो सर्व बाजूंनी बांधला जातो. त्या वेळी तो स्वतंत्र माणसाची भाषा बोलू लागतो: आम्ही इकडेच राहायचे ठरवले आहे. दोन्ही वाक्ये चुकीच्या वेळी उच्चारली जातात. जेव्हा निर्णय होता तेव्हा तो दिसू दिला नाही. जेव्हा निर्णय उरला नाही तेव्हा तो घेतल्याचे सांगितले.

ही भाषा लबाडीतून येते असे आम्ही म्हणणार नाही. ती बहुधा मायेतून येते. 'मी तुम्हाला सोडून जायचे ठरवले' हे वाक्य कोणत्या मुलाच्या तोंडून सहज निघेल? 'झाली' म्हटले की कोणाचा दोष राहत नाही. आई-वडीलही त्या शब्दाला बिलगतात, कारण शेजारीपाजारी सांगायला तो सोयीचा असतो. आपल्याकडे 'येथले दाणापाणी उठले' असे म्हणण्याची रीत आहे. दाणापाणी उठवणारा परमेश्वर. त्याच्यापुढे कोणाचे काय चालणार? जुन्या पिढीने जे दैवावर सोपवले ते नव्या पिढीने कंपनीवर सोपवले, एवढाच फरक.

मग यात वाईट ते काय, असे कोणी विचारील. गोड असत्याने दोन माणसांचे दुःख हलके होत असेल तर ते बोलू नये काय? आमच्या मते त्याने दुःख हलके होत नाही, लांबणीवर पडते. आणि लांबणीवर पडताना वाढते. निर्णय कोणी घेतलाच नाही असे एकदा ठरले की त्याविषयी कोणाशी बोलायचे हाच प्रश्न उरतो. आईला राग आला तर तो कोणावर काढायचा? वडिलांना शंका असेल तर ती कोणाला विचारायची? हुकुमाशी वाद घालता येत नाही. वाद घालता आला नाही म्हणजे मनापासून आशीर्वादही देता येत नाही. कारण आशीर्वाद निर्णय घेणाऱ्याला द्यायचा असतो, आणि येथे तर तसा कोणी समोर उभाच नाही.

शिवाय जे व्यवहाराचे बोलणे निघताना व्हायला हवे ते राहून जाते. वडिलांचा रक्तदाब, कोलार रोडवरच्या फ्लॅटची देखभाल, रात्री-अपरात्री हमीदिया रुग्णालयात न्यायची वेळ आली तर कोणाला हाक मारायची, कुलदैवताची वारी पुढे कोण चालवणार, हे सर्व प्रश्न 'दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे' या वाक्याखाली गाडले जातात. दोन वर्षांची मुदत ही भूल देण्याच्या औषधासारखी वापरली जाते. मुदत संपते, वाढते, पुन्हा वाढते. आणि प्रत्येक वाढीच्या वेळी पुन्हा तेच: कंपनीने वाढवली. अशा रीतीने जाणेही कोणी ठरवले नाही, राहणेही कोणी ठरवले नाही, आणि परत न येणे तर कोणीच ठरवले नाही. घर मात्र रिकामे झालेले असते.

कंपनीने ठरवले, या म्हणण्यात आणखी एक धोका आहे, आणि तो भोपाळच्या माणसाला अधिक लवकर कळावा. बहुराष्ट्रीय कंपनी एक आहे की अनेक? माणसाची बदली करताना ती एक असते. एल-१ चा सगळा आधारच हा, की येथली शाखा आणि तिकडचे मुख्यालय मिळून एक संस्था आहे. युनियन कार्बाइडच्या भोपाळ कारखान्यातील भारतीय अभियंते प्रशिक्षणासाठी अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियाच्या कारखान्यात जाऊन आले होते. तेव्हाही कंपनी एकच होती. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्रीनंतर प्रश्न जबाबदारीचा आला. अमेरिकन कंपनीकडे भारतीय कंपनीचे ५०.९ टक्के भाग होते, तरी ती स्वतंत्र कंपनी आहे आणि आपण तिच्या कामासाठी उत्तरदायी नाही, अशी भूमिका अमेरिकन कंपनीने न्यूयॉर्कच्या न्यायालयात घेतली. १९८६ मध्ये तेथील न्यायालयाने दावा भारतात पाठवला. माणसे हलवताना एक आणि जबाबदारी हलवताना दोन, असा हा हिशेब या गावाने फार मोठी किंमत देऊन पाहिला आहे. प्रत्येक कंपनी तशी वागते असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. म्हणणे एवढेच, की कंपनी ही उत्तर देण्यासाठी निर्माण झालेली वस्तू नव्हे. १९५६ च्या कायद्याने हुकुमाबरोबर आश्वासनेही लिहून दिली होती; कंपनीच्या बदलीपत्रात कंपनीच्या संरक्षणाची कलमे असतात. मागे राहिलेल्या आईने 'माझ्या मुलाला का नेले' असे विचारले तर त्या पत्राच्या दुसऱ्या टोकाला ऐकणारा कोणी नाही. म्हणून जे उत्तर द्यायचे ते मुलानेच दिले पाहिजे.

उत्तर देणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. आनंदीबाई जोशी यांचे यजमान गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते. त्यांच्या बदल्यांबरोबर आनंदीबाई अलिबाग, कोल्हापूर, भूज अशा गावांतून थेट बंगालपर्यंत पोहोचल्या. वैद्यकाच्या शिक्षणासाठी अमेरिकेला जायचे ठरले तेव्हा समाजात खळबळ झाली. आनंदीबाईंचे वय तेव्हा अठराही नव्हते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर महाविद्यालयाच्या सभागृहात त्या उभ्या राहिल्या आणि लोकांनी विचारलेल्या एकेका प्रश्नाला त्यांनी इंग्रजीतून उत्तर दिले. अमेरिकेलाच का? हिंदुस्थानात शिकता येत नाही काय? एकटीच का? परतल्यावर जातीने बहिष्कृत केले तर? संकट आले तर? कोणत्याच बाईने जे केले नाही ते तूच का करतेस? एप्रिलमध्ये त्यांनी कलकत्त्याहून बोट पकडली. १८८६ मध्ये पदवी घेऊन त्या परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. अजून बावीस पूर्ण व्हायचे होते.

या प्रसंगात आम्हाला जे महत्त्वाचे वाटते ते असे. यजमानांच्या इच्छेचा भार त्यांच्यावर किती होता हे चरित्र वाचणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे. 'यजमानांनी पाठवले म्हणून जाते' असे त्या म्हणू शकल्या असत्या, आणि त्या काळात ते उत्तर लोकांना पटलेही असते. त्यांनी ते दिले नाही. जाणे स्वतःच्या नावावर घेतले, आणि ज्यांना सोडून जायचे त्यांच्यासमोर उभे राहून कारणे सांगितली. कारणे सगळ्यांना पटली असतील असे नाही. पण ज्याला कारणे सांगितली जातात त्याचा मान राखला जातो. आजच्या तरुणाला सभागृहात उभे राहण्याची गरज नाही. घरच्या जेवणाच्या टेबलापाशी बसून तेवढेच करता येते.

येथे एक आक्षेप रास्त आहे. प्रत्येक बदली करून घेतलेली नसते. येथला विभाग बंद होतो, काम तिकडे हलते, आणि 'जा किंवा राजीनामा दे' असे दोनच पर्याय पुढे ठेवले जातात. कोणावर घराचे कर्ज असते, कोणावर बहिणीच्या शिक्षणाचा भार असतो. अशा माणसाने 'बदली झाली' म्हटले तर ते अक्षरशः खरे आहे, आणि त्याने ते तसेच सांगावे. खोट्या हौसेचा मुखवटा घालू नये. त्याच्या बायकोचाही प्रश्न येथेच येतो. एल-१ धारकाच्या पत्नीला वा पतीला अमेरिकेत काम करण्याची मुभा २००२ पासून आहे, आणि २०२१ पासून ती अधिक सोपी झाली आहे. पण भोपाळमधली शाळेतली किंवा बँकेतली तिची नोकरी सोडायची की नाही, हे तिने ठरवायचे आहे. १९५६ ची चूक पुन्हा करू नये. 'आमची बदली झाली' या वाक्यातल्या 'आमची'त तिला न विचारता बसवणे म्हणजे, ज्या परवशतेची तक्रार आपण कंपनीविरुद्ध करतो तीच घरात चालवणे होय.

आता मागे राहणाऱ्यांकडे वळले पाहिजे, कारण क्रियापदाची ही जबाबदारी एकतर्फी नाही. आई-वडीलही पुष्कळदा षष्ठी विभक्तीत जाऊन बसतात. "तुझी इच्छा," "आमचे काय, आम्ही राहू कसेतरी," ही वाक्ये वरून त्यागाची दिसतात. आत त्यांत न बोललेला नकार असतो, आणि तो मुलाच्या मानेवर आयुष्यभर बसतो. नको वाटत असेल तर 'आम्हाला तू जायला नको आहेस, पण निर्णय तुझा' असे सांगावे. हवे असेल तर 'जा' म्हणावे. दोन्ही वाक्यांना कर्ता आहे, आणि दोन्हींनंतर माणसाला झोप लागते. मुलाने जाऊच नये, असा हट्ट धरण्याचा नैतिक अधिकार मात्र आपल्याला फारसा उरत नाही. आपण नर्मदेच्या उत्तरेला आलो तेव्हा आपल्याही मागे कोकणात, देशावर, नागपुरात कोणाची तरी आई दारात उभी होती.

वृद्ध आई-वडिलांचा प्रतिपाळ ही गोष्ट आता कायद्यातही आली आहे. २००७ चा माता-पिता व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा परदेशात असलेल्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे, आणि त्याच्या मूळ तरतुदीत निर्वाह रकमेची कमाल मर्यादा दरमहा दहा हजार रुपये ठरवली आहे. कायद्याला मोजता येते ते एवढेच. सिअ‍ॅटलहून याच्या कितीतरी पट पैसे दरमहा येतात, आणि तरी घरात काहीतरी फेडायचे राहून गेल्याची भावना दोन्हीकडे असते. आमच्या मते ती बाकी पैशाची नसते. जे बोलणे निघण्यापूर्वी व्हायला हवे होते, त्याची ती बाकी असते.

आणखी एका व्यक्तीचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. पुष्कळ घरांत एक गेलेला असतो आणि एक राहिलेला असतो. राहिलेली कधी मुलगी असते, लग्न होऊन याच गावात दिलेली. कधी धाकटा मुलगा. त्याला किंवा तिलाही संधी आलेली असते, आणि आई-वडिलांसाठी ती नाकारलेली असते. पण जाणाऱ्याचे जाणे जसे 'झाले' ठरते, तसेच राहणाऱ्याचे राहणेही 'राहून गेले' ठरते. 'त्याला जमले नाही,' असेच लोक म्हणतात. मोठ्याचा फोटो बैठकीत लागतो आणि धाकटा औषधे आणायला जातो. जाणाऱ्याने आपला निर्णय स्वतःच्या नावावर घेतला, तरच राहणाऱ्यालाही आपला निर्णय आपल्या नावावर घेता येतो. मग त्याचे राहणे अपयश न ठरता निवड ठरते, आणि भावंडांमध्ये कोणी काय करायचे याचे बोलणे बरोबरीच्या नात्याने होऊ शकते.

संगणकाच्या व्यवसायात परदेशी गेलेल्याला 'ऑनसाइट' म्हणतात आणि मायदेशी बसून काम करणाऱ्याला 'ऑफशोअर'. हे शब्द आता आपल्या घरांतही रुळले आहेत. ऑफशोअर म्हणजे किनाऱ्यापलीकडचा. म्हणजे जो घरी आहे तोच पलीकडचा ठरला, आणि जो समुद्र ओलांडून गेला तो जागेवरचा. कंपनीच्या नकाशात तसे असेल. तिची जागा जिथे गिऱ्हाईक तिथे. पण घराचा नकाशा कंपनीने काढलेला नाही, आणि तो वाचायचा तर घराचीच भाषा वापरली पाहिजे.

त्या भाषेत निघण्याच्या वेळेसाठी एक शब्द ठेवलेला आहे. आपल्याकडे उंबरठा ओलांडताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. दीडशे-दोनशे वर्षे हिंदीच्या सहवासात राहूनही आपल्या घरांतून हा शब्द गेलेला नाही. हजारो मैलांवर निघालेल्याने तो उच्चारावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र 'येतो' या वाक्यात माणूस स्वतः कर्ता आहे, बदली नाही. ज्याची नुसती बदली झाली आहे, त्याला 'येतो' म्हणता येत नाही; कारण येणे तरी त्याच्या हाती कुठे आहे? जो स्वतः निघाला आहे त्यालाच तसे म्हणता येते, आणि ते पाळायचे की नाही हेही मग त्याच्याकडेच राहते.